बांधाचं नाव काढायचं नाही

आल्यापासून चौदा जणींना सांगून झालं. कुठं गेलावता, काय खाल्लं, ढग खरंच अंगावरून जातात का, आणि आप्पा तुम्हाला घेऊन गेलेच कसे? पंधराव्या बाईला सांगायला घशात आवाज उरला नाही, म्हणून लिहूनच ठेवते. आमच्या महिला गटाच्या बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिते, बारावीपर्यंत शिकलेय, तेव्हा लिहायची काही भीती नाही. इतिवृत्तात भांडणं लिहायची नसतात, इथं लिहिणार आहे, एवढाच काय तो फरक.

आप्पा म्हणजे आमचे हे. खुटबावला आमचं झेंडू-शेवंतीचं रान आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि या एकतीस वर्षांत ह्यांचा लांबचा प्रवास म्हणजे पुण्याचा फूलबाजार, जवळचा म्हणजे विहीर. डोंगर म्हणजे यवतवरून दिसतो तो भुलेश्वराचा, तोही लांबूनच हात जोडायला बरा. असा माणूस चार दिवस डोंगरात फिरायला तयार झाला त्याला कारण होतं, आणि ते कारण आधी सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

ह्यांच्या पाठचे भाऊ नाना. वाटणीत वरचं रान आम्हाला आलं, खालचं नानांना. विहीर दोघांत, पण ती आमच्या रानाच्या वरच्या टोकाला. तीन वर्षांपूर्वी नानांनी विचारलं, 'आप्पा, तुझ्या रानाच्या कडंनं पाइप टाकून खाली पाणी नेऊ का?' हे देणारच होते. पण त्याच आठवड्यात नानांच्या ट्रॅक्टरवाल्यानं नांगरता नांगरता दोघांमधला बांध फूटभर कोरला. झालं! हे म्हणाले, आधी माझा फूट दे. नाना म्हणाले, कोरलाच न्हाई तर देऊ काय? तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नाही. शेवटी नानांनी तालुक्याला अर्ज केला आणि येत्या बुधवारची तारीख लागली. हे साहेबापुढं उभं राहून 'न्हाई' म्हणणार होते. आरशापुढं म्हणून बघत होते, मी ऐकलंय.

आता खरं सांगते. मला पाइपचं काही नव्हतं आणि फुटाचंही नव्हतं. मला सुनंदाचं होतं. सुनंदा म्हणजे नानांची बायको, माझी धाकटी जाऊ. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती, मी शिकवली. माझ्या बाळंतपणात तिनं माझी न्हाणी धुतली. घरं वेगळी झाली, मधे भिंत आली, तरी संध्याकाळी हार ओवायला आम्ही दोघी एकाच ओट्यावर बसायचो. नवऱ्यांचं बोलणं बंद झालं आणि आमचंही झालं, मेन लाइन गेली की घरातले सगळे दिवे जातात तसं. मी बाहेर आले की ती आत जाते. बुधवारी ह्यांचा नकार सरकारी कागदावर चढला, की मग तो माझ्या सरणापर्यंत पुसला जाणार नव्हता. मला माझी जाऊ परत पाहिजे होती आणि हातात चार दिवस होते.

म्हणून मी म्हटलं, 'अहो, मला डोंगर बघायचेत. कवठ्यावरून जाऊ, वर माळशेजापर्यंत. मंगळवारी परत.' डोकं थंड झालं तर झालं, असा माझा हिशेब. आणि एक नियम घातला, की चार दिवस बांधाचं नाव काढायचं नाही. जो काढील त्यानं भांडी घासायची.

'आन् तू काढलंस तर?'

'रोज मीच घासते की. मला काय नवीन?'

शनिवार, कवठ्याचा घाट

आमची गाडी म्हणजे फुलांची पिकअप. मागं गादी टाकली, गॅसची शेगडी घेतली, पाण्याचा कॅन घेतला. दोन वर्षांपूर्वी ह्यांचा हात मोडला तेव्हा मी गाडी शिकले, तेव्हापासून सपाटीला मी चालवते आणि हे शेजारी बसून पायानं नसलेला ब्रेक दाबतात. चौफुला, न्हावरा, शिरूर सगळं ओळखीचं, तिथलं काय सांगायचं.

कवठे येमाई माझं माहेर. वहिनीनं मासवडी केली होती. आमच्या खुटबावात मासवडी म्हटलं की श्रावणात लोक दचकतात, त्यांना नावातला मासाच दिसतो. बेसनाची वडी आहे बायांनो, आत तीळ-खोबरं, वर झणझणीत रस्सा. ह्यांनी चार भाकरी खाल्ल्या आणि पाचवीला 'अर्धीच' म्हणाले. सासुरवाडीत अर्धीला एक म्हणतात, हे त्यांना एकतीस वर्षांत पाठ झालंय.

जेवताना दादानं विचारलं, 'दाजी, निघालाय कुठं?'

'डोंगरात. घाट बघायला.'

दादा हसायलाच लागला. 'घाट बघायला डोंगरात कशाला जाताय? आपल्या गावचा घाट काय वाईट हाय? चला, दावतो.'

ऊन कलल्यावर तो आम्हाला घेऊन गेला. कवठ्याकडं घाट म्हणजे बैलगाडे पळवायची धाव. लांबलचक चढ, दोन्ही अंगाला माणसं उभी राहायची जागा. यात्रेला तिथं पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी दोन शेळ्या चरत होत्या.

हे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, 'ह्यो घाट? ह्यात वळणं कुठंयत?'

'वळणं?' दादाचा चेहराच पडला. 'घाटात वळण असतं व्हय दाजी? बैल सरळ पळत्यात.'

मी पोट धरून हसले. माहेरचा घाट सरळ, डोंगरातला घाट वाकडा, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. परत येताना दादाच्या रानातून आलो. हे एका बांधाच्या टोकाशी थांबले आणि एक डोळा मिटून तो सरळ आहे का ते बघायला लागले. दादा म्हणाला, 'काय बघताय?' ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, खाकरले आणि म्हणाले, 'काय न्हाई. हवा बरी हाय.'

रविवार, गादी भिजली

मंचर, घोडेगाव मागं पडलं आणि रस्ता चढायला लागला. गाडी ह्यांनी घेतली. बायांनो, हिरवा रंग आपण बघितलाय असं आपल्याला उगाच वाटतं. आपला ऊस हिरवा, घास हिरवा, पण तो माणसानं पाणी देऊन देऊन केलेला. इथं दगड हिरवा, झाडाची साल हिरवी, विजेचा खांबसुद्धा खालून हिरवा. आणि पाणी! आपल्याकडं माणूस पाण्याच्या मागं पळतो, इथं पाणी माणसाच्या मागं लागतं. कड्यावरून, रस्त्यावरून, झाडाच्या बुंध्यातून, कुठूनही येतं. आठ तास लाइट आणि त्यात मोटर चालू करायची धावपळ, ह्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना ते बघून रडू येईल. मला आलं, सांगायला लाज कसली.

ह्यांना गाडी थांबवायची हौस लागली. काकडीवाली दिसली की थांब, म्हातारा पावसासाठी पानांचं इरलं घेऊन चाललाय की थांब. ते इरलं हातात घेऊन बघितलं, डोक्यावर घातलं, म्हाताऱ्याला विचारलं, 'वाकून काम करताना पाठ भिजत न्हाई?' म्हातारा म्हणाला, 'पाठीसाठीच तर हाय. तोंड भिजलं तर काय बिगाडतं?' हे चार मैल त्या वाक्यावर हसत होते. बऱ्याच महिन्यांनी हसले.

पुढं एक धबधबा थेट रस्त्याच्या कडेला पडत होता. ह्यांना काय सुचलं, गाडी नेऊन बरोबर त्याच्या खाली लावली. 'धुऊन निघंल एकदाची, फुलाचा चीक बसलाय.' मी म्हणत होते, अहो मागची ताडपत्री बांधलेली नाही. पण पाण्याच्या आवाजात ऐकतो कोण? पाच मिनिटांनी गाडी चकाचक झाली आणि गादी पाण्यानं टम्म फुगली. पिळायला गेलो तर दोघांना उचलेना. शेगडीत पाणी, पिठात पाणी. मी बोलले ते लिहीत नाही, इतिवृत्ताची सवय अजून गेलेली नाही.

मग धुकं आलं. समोरचं बोनेट दिसेना. गाडीत झोपायची सोय गेलेली, पुढं जायची वाट दिसत नाही. रस्त्याला लागून एक घर होतं, दारात सत्तरीचे एक आबा शेळ्यांना पाला टाकत होते. हे म्हणाले, 'आबा, धुकं किती वेळ राहतं?'

'ते काय माझं ऐकून येतं का जातं? या, बसा. हालेल तवा हालेल.'

ते धर्माआबा, आणि त्यांची बायको पारूमावशी. चहा आला, बिनदुधाचा, गवती चहा घातलेला. तासाभरात धुकं सरकलं आणि मी अंगणाच्या टोकाला जाऊन खाली बघितलं. अख्ख्या डोंगराला पायऱ्या. भाताची खाचरं, एकाखाली एक, एकाखाली एक, पार खाली धरणाच्या पाण्यापर्यंत. एवढं देखणं मी जन्मात काही पाहिलं नाही. मग माझ्या लक्षात आलं, प्रत्येक पायरीला एक बांध. दोनशे असतील, तीनशे असतील. आमच्या माणसाला बांधाचं वेड लागलेलं, आणि त्याला हवापालट म्हणून मी बांधांच्याच देशात घेऊन आले होते! मी कपाळाला हात लावला.

हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, 'कुणी केलं असंल गं हे सगळं? हातानं?'

'काय सगळं?' मी मुद्दाम विचारलं.

'हेच की. हे... उंचवटं.'

संध्याकाळी पारूमावशींनी नाचणीची भाकरी, भारंगीची भाजी आणि खुरासणीची, म्हणजे आपल्या कारळ्याची, चटणी वाढली, वर गरम भात. आपल्याकडं भात शेवटी, पोटात जागा उरली तर. तिथं भात नाही तर जेवणच नाही. भारंगी कडवट असते, पण दुसऱ्या घासाला तिची गोडी कळते. मी रेसिपी विचारली तर मावशी म्हणाल्या, 'रानात जायचं आन् आनायची.' आबा सांगत होते, घोड नदी इथूनच निघते. ती पुढं शिरूरच्या पुलाखालून जाते, भीमेला मिळते, दौंडाला जाते, हे मी त्यांना सांगितलं. आबांनी दौंड पाहिलेलं नव्हतं. म्हणाले, 'पानी पोचतं ना तिथवर? मग झालं.' आणि उन्हाळ्यात याच मावशी डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात, धरण डोळ्यापुढं असताना. हे त्यांनी तक्रार म्हणून नाही सांगितलं, मीच विचारत गेले म्हणून कळलं. हाताशी विहीर असून आम्ही किती पाणी वाया घालवतो, ते मी सांगितलं नाही.

सोमवार, वाट

सकाळी मी उठले तर ह्यांची जागा रिकामी. पावसाची भुरभुर चालली होती. मी मावशींना शेळ्यांच्या धारा काढायला मदत केली, भाकरी झाल्या, तरी ह्यांचा पत्ता नाही. नऊच्या सुमाराला आले. गुडघ्यापर्यंत चिखल, कोपरापर्यंत चिखल, नखं काळी, आणि चेहरा असा की जसा मुलगी झाली त्या दिवशी होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, 'आज भांडी मी घासतो. नाव काढल्याबगर सांगता यायचं न्हाई.'

'सांगा.'

'वरच्या अंगाला एका खाचराचा बांध फुटलावता. चांगला हातभर. पाणी नुसतं धो धो खाली चाललंय. रातच्या पावसानं गेला असंल. आजूबाजूला चिटपाखरू न्हाई. मग म्याच दगड लावलं, चिखल थापला, वर गवताची ढेपळं बसवली. असा दाबला असा दाबला, थेंब गळत न्हाई. कुणाचा हाय, नावसुदिक इचारलं न्हाई बघ.'

त्या माणसानं एका अनोळखी माणसाचा बांध बांधून दिला होता, आणि घरी सख्ख्या भावाला फूटभरासाठी तीन वर्षं धरून बसला होता. मला वाटलं, हीच वेळ आहे बोलायची. तोंड उघडणार, तेवढ्यात अंगणात आरडाओरडा झाला.

एक म्हातारी आली होती. काटक, कासोटा घातलेला, हातात विळा. नाव हौसाबाई, ते नंतर कळलं. ती आबांच्या समोर चार पावलांवर येऊन थांबली, पण बोलली माझ्याकडं बघून.

'ओ पाव्हणीबाई, ह्या घरात कोन मानूस असलं तर त्यांना इचारा, माझ्या खाचराची पान्याची वाट कोनी बुजवली?'

मी आबांकडं बघितलं. आबा तिच्याकडं पाठ करून बसले. तेही मलाच म्हणाले, 'पाव्हणे, तिला सांगा, धर्माच्या हातानं वाट बुजली असंल तर हात झडल.'

'त्यांना सांगा, मग काय भुतानं बुजवली? वरचं त्यांचं खाचर भरलं, दुसरीकडनं फुटलं आन् माझ्या रोपावर गाळ येऊन बसला. भाताचं आवण लावून तीन हप्ते झालं न्हाईत.'

'तिला सांगा, मी सकाळपासनं हितून हाललेलो न्हाई.'

दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं. तरी प्रत्येक वाक्य माझ्याकडून जायचं. मी आपली एकीकडं बघून 'आबा म्हणतात' आणि दुसरीकडं बघून 'ह्या म्हणतात'. जुन्या काळातलं टेलिफोन एक्स्चेंज झालं होतं माझं. पारूमावशी कानात म्हणाल्या, 'सोयरिकीवरनं वाकडं आलंय. बारा सालं बोलत न्हाईत.'

हे दारात बशीतून चहा पीत होते. त्यांनी आपल्या काळ्या नखांकडं बघितलं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं होतं, माझ्याही आलं होतं. तिसऱ्या कुणाच्याच नव्हतं. हे गप्प बसले असते तर आरोप आबांवर राहिला असता आणि आम्ही गाडी काढून माळशेजाला निघून गेलो असतो. ज्याच्या घरचा भात खाल्ला त्या माणसाच्या माथी हे पाप ठेवून निघालो, तर मी ह्या माणसाशी जन्मभर काय बोलणार होते?

ह्यांनी बशी खाली ठेवली. अंगणात आले.

'बाई, म्या बुजवली. आबांचा काय संबंध न्हाई. मला वाटलं बांध फुटलाय.'

हौसाबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. 'फुटलाय? दोन्ही अंगाला दगड रचल्यालं दिसलं न्हाईत?'

'दिसलं. मला वाटलं ढासळलेलं हायत.'

'आवो बाबा, ती वाट हाय! वरचं खाचर भरलं की पानी तिच्यातनं खालच्याला जातं. तुमच्या गावाला बांधाला वाट नसती व्हय?'

'न्हाई,' हे म्हणाले. 'आमच्याकडं बांधाला भोक पडलं की भांडण असतं.'

'मग खालच्याला पानी कसं जातं?'

तिनं काही टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. खरंच कळत नव्हतं तिला. हे तिच्या खाचराकडं चालायला लागले. भुरभुर अंगावर पडत होती, त्यांनी तोंडसुद्धा पुसलं नाही.

माळशेज राहिला. तो दिवस आम्ही हौसाबाईच्या खाचरात घालवला. फुटलेला बांध बांधायला हे आणि आबा, गाळातली रोपं उचलून धुऊन पुन्हा लावायला आम्ही तिघी. मी आयुष्यभर रोपं लावली, पण ती कोरड्या सरीत, उकिडवं बसून. इथं गुडघाभर चिखलात कमरेत वाकून. पहिल्याच अर्ध्या तासात मी बसकण मारली, थेट पाण्यात. हौसाबाई एवढी हसली की तिला खोकला लागला. दुपारी तिनं आपल्या घरून चवळीची आमटी आणि भात आणला, सगळ्यांना पानावर वाढला. आबांचं पान तिनं माझ्याकडं दिलं, मी ते आबांना दिलं. आबांनी मिठाचं विचारलं तेही माझ्याकडूनच.

जेवण झाल्यावर हे आबांना घेऊन वरच्या वाटेशी गेले. सकाळी दाबून दाबून बसवलेला दगड न् दगड ह्यांनी स्वतःच्या हातानं काढला. पाणी एकदम खाली सुटलं. ह्यांनी विचारलं, 'आबा, बारा सालं बोलत न्हाई म्हणता. मग ही वाट कशी चालू ठेवली?'

आबांना प्रश्नच कळेना. दोनदा विचारायला लावलं. मग म्हणाले, 'बोलनं बंद हाय, वाट न्हाई.'

'पण भांडण हाय ना?'

'हाय की. मरुस्तवर ऱ्हाईल. ती बाई लई वंगाळ बोलली मला. पर भांडान आमचं दोघांचं, पानी का माझ्या बाचं हाय? वरनं येतंय, खाली चाललंय. मी नुसता मधी उभा.' एवढं बोलून त्यांनी तंबाखू मळायला घेतली. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

हे बांधावर बसून राहिले. मी खालून हाक मारली, त्यांनी ऐकली नाही. त्या दिवशी भांडी मात्र त्यांनीच घासली, नियमाप्रमाणं. आबा आणि मावशी पुरुषानं भांडी घासताना बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होते.

मंगळवार, परत

निघताना मावशींनी तांदळाची पुरचुंडी दिली, हौसाबाईनं खुरासणी दिली. 'वाटंनं जाताना दिसली वाट तर बुजवू नका,' एवढं ह्यांना बजावलं. मी तिच्या पाया पडले. अशा बाया आपल्याला भेटत नाहीत असं नाही, आपण थांबत नाही.

घोडेगावपर्यंत हे दोन्ही अंगाचे बांध बघत गाडी हाकत होते. मंचरला गाडी मी घेतली, तरी त्यांची नजर बांधांवरच. उद्या बुधवार. काय म्हणणार हा माणूस साहेबापुढं? आणि विचारायची सोय नाही, कारण नियम माझाच! दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात आपणच पडतो म्हणतात ते असं. लोणीला चहा घेतला, हे म्हणाले, 'आभाळ निवळलं.' मलठणला म्हणाले, 'कांदा बरा दिसतोय.' मी स्टिअरिंग चावायचीच बाकी होते.

शिरूर सोडल्यावर त्यांनी विचारलं, 'तुझ्या त्या नियमाची मुदत कवा संपती?'

'घरी पोचल्यावर.'

'मग जरा दमानं चालव,' म्हणाले, आणि खिडकीकडं तोंड करून बसले. आता याचा अर्थ काय लावायचा बाईनं? न्हावऱ्यापर्यंत मी दहा अर्थ लावले, त्यातले आठ वाईट होते.

चारच्या सुमाराला घर आलं. मी गाडी बंद करायच्या आत हे उतरले. पायसुद्धा धुतले नाहीत. मधल्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा हाक मारली, 'नाना! हायस का घरात?'

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. नाना बाहेर आले, बनियनवर, हातात उद्याच्या तारखेची कागदं. मागं दाराच्या आड सुनंदा.

'उद्या बोलू की साहेबाम्होरं,' नाना म्हणाले.

'साहेबाला काय कळतंय आपल्या रानातलं? टेप आण. पाइप कुठनं टाकायचा ते आत्ताच बघू, अजून उजेड हाय.'

नाना जागचे हलेनात. 'आन् तो फूट?'

'त्यो मी इसरलेलो न्हाई,' हे म्हणाले. 'तू कोरलायस आन् मी तुला सोडणार न्हाई. त्याच्यावर भांडू की, जन्म पडलाय. पण आधी पाणी ने.'

नानांनी त्याच कागदांनी डोळे पुसले, आणि 'टेप कुठं ठिवलाय गं' असं ओरडत आत गेले. टेप घेऊन दोघं रानाकडं निघाले, एक पुढं, एक मागं, मधे दहा पावलांचं अंतर ठेवून. बोलत नव्हते. पण टेपचं एक टोक ह्यांच्या हातात होतं आणि एक नानांच्या.

मी गाडीला टेकून रडत होते. पदर तोंडात धरला तरी हुंदका बाहेर येतच होता. भिंतीपलीकडं चपला वाजल्या. सुनंदा आली, भिंतीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. केस पांढरे झालेत तिचे, पुढचे. मला माहीतच नव्हतं.

'आक्का,' ती म्हणाली, 'चहा टाकू का, का तारखेपर्यंत थांबायचंय?'

'टाक,' मी म्हटलं. 'आपल्या दोघींचाच टाक. त्यांचं मोजून व्हायला दिवस मावळंल.'